विमानाचा दसरा

मी एकदा विमान घासलं. चिंच, मीठ, राख आणि तारेची घासणी घेऊन, गच्चीवरच्या नळापाशी पाटावर बसून घासलं. अख्खं विमान नव्हतं ते, नुसती शेपटी. आणि तीही जोडलेली नव्हती, सुटी सुटी होती. पण हाताला लागलं त्यातलं काही सोडलं नाही. आज हे मी हसत लिहिते आहे. त्या संध्याकाळी आमच्या घरात कुणी हसलं नव्हतं.

तेव्हा मी लहान होते. नुकतीच एकसष्टी झाली होती. त्या वयात माणसाला वाटतं, आपल्याला आता सगळं कळतं. पंचविशीतही वाटतंच, पण तेव्हा ‘गप बस’ म्हणायला घरात सासू असते. एकसष्टीत आपणच सासू असतो, म्हणून अडवायला कुणी उरत नाही. त्या वर्षीचा माझा एक फोटो आहे. केस ताजे काळे केलेले, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हनुवटी वर. तो समोर आला की त्या बाईला विचारावंसं वाटतं, ‘अगं, एवढी कशाची खात्री होती तुला?’

आता पुन्हा ते दिवस आलेत. पाऊस मागं हटला, ऊन कडक पडायला लागलं, दुपारी चपला गच्चीवर ठेवल्या तर पाय टाकवत नाही. बाजारात झेंडूचे ढीग दिसायला लागले. पैठण रोडनं जाताना दोन्ही अंगाला कापूस फुटलेला. आणि शहरातल्या झाडून साऱ्या गच्च्यांवर गोधड्या. आमच्याकडं घटस्थापनेच्या आधी घरातली चिंधी न् चिंधी, भांडं न् भांडं बाहेर काढून धुवायचं असतं. त्याला ‘दसरा काढणं’ म्हणतात. दिवाळीची साफसफाई वेगळी, ती पाहुण्यांसाठी. दसरा काढायचा तो घरासाठी. कोठीतल्या रिकाम्या डब्यापासून मोरीतल्या पाटापर्यंत सगळ्याला पाणी लागलं पाहिजे. जे धुवायचं राहिलं ते वर्षभर खुपत राहतं.

तर त्या वर्षीच्या माझ्या दसऱ्यात विमान सापडलं.

विमान माझ्या सुनेचं. अश्विनी तिचं नाव. वाळूजच्या एका कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग तपासायच्या कामावर होती, अजूनही आहे. लहानपणी चितेगावच्या शेतातून विमानतळाकडं उतरणारी विमानं बघायची म्हणे. पुष्कळ मुलं बघतात आणि विसरतात. ही विसरली नाही. लग्नाला पाच-सहा वर्षं झाली, माझी नात इरा बालवाडीत जायला लागली, आणि एका सकाळी चहा पिता पिता सूनबाईंनी जाहीर केलं, की दोन माणसं बसतील एवढं विमान मी स्वतः करणार आहे. नकाशे मागवलेत. चितेगावला भावाची शेड रिकामीच आहे.

आमच्या ह्यांनी पेपर खाली केला. “म्हंजी? खेळण्यातलं?”

“नाही मामा, उडायचं.”

“आन् लायसन?”

“तेही काढणारेय.”

“बरं,” म्हणाले आणि पेपर वर केला. ह्यांचं सगळं आयुष्य असं पेपर खालीवर करण्यात गेलं.

मी मात्र तिथंच पेटले. सुनेनं घरात पापडाचं यंत्र आणावं, शिवणयंत्र आणावं, फार तर मोटार घ्यावी. विमान? आमच्याकडं ॲल्युमिनियमला ‘जर्मन’ म्हणतात. जर्मनचं पातेलं, जर्मनचा तांब्या. मी भिशीत मैत्रिणींना म्हटलं, “आमची अश्विनी जर्मनचं विमान करतीय.” त्या म्हणाल्या, “अगंबाई, जर्मनीहून यायचं म्हणजे खर्च लई झाला असंल!” त्यातली एक तर पुढं कितीतरी दिवस विचारायची, जर्मनीचे लोक राहायला कधी येणार म्हणून.

माझ्या रागाच्या पोटात भीती होती, हे आज कळतं. नातीची आई वर ढगात आणि खाली मी नातीला वरणभात भरवतेय, हे चित्र मला झोपू द्यायचं नाही. पण ‘मला भीती वाटते’ असं म्हणायला जी अक्कल लागते ती एकसष्टीत आलेली नव्हती. भीती वाटली की मी टोमणा मारायची. पुतणीच्या बाळाच्या बारशाला, सगळा गोतावळा जमलेला, अश्विनी पंगतीत वाढत होती, आणि कुणीतरी विमानाचं विचारलं. मी चांगली मोठ्यानं म्हणाले, “त्या पत्र्याला मी एक दिवस भंगारवाल्याच्या गाड्यावर घालते का नाही बघाच तुम्ही!”

पंगत हसली. अश्विनीनं माझ्या पानात वरण वाढलं. “आत्या, तूप?” एवढंच विचारलं. आमच्याकडं सुना सासूला आत्या म्हणतात.

भंगारवाल्याचं ते वाक्य लक्षात ठेवा. मलाही ते लक्षात ठेवावं लागलं.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी नवरात्र जवळ आलं. चितेगावच्या शेडचा पत्रा पावसाळ्यात गळायला लागला होता, म्हणून अश्विनीनं शेपटीच्या फासळ्या घरी आणून मागच्या खोलीत ठेवल्या. फासळी म्हणजे पत्र्याचा हातभर लांब आकार, माशाच्या अंगासारखा, पुढं जाड आणि मागं निमुळता. मधोमध मोठाली गोल भोकं, वजन कमी व्हावं म्हणून पाडलेली. अशा फासळ्या ओळीनं उभ्या करून वर पत्रा मढवला, की शेपटी. तिनं त्या एकेक करून लाकडी साच्यावर रबरी हातोडीनं ठोकून वळवल्या होत्या. वर्षभराचे रविवार होते ते.

मी खोलीचा दसरा काढायला गेले तर फासळ्या पिवळ्या! हळदीच्या पाण्याचा हात फिरवावा तशा. कुठं फिकट, कुठं गडद, उन्हात धरलं तर मधूनच तेलाच्या तवंगासारखी झाक. मला वाटलं, डाग पडले. पोरीनं वाळूजला कुठंतरी काम करायला दिलं होतं, त्या कारखानदारानं घाणेरड्या पाण्यात बुडवून तसंच परत पाठवलं. हिला शिफ्टमधून वेळ नाही. आणि मी बारशातलं ते बोलल्यापासून आतून जरा ओशाळलेलीच होते. म्हटलं, चला, आज सूनबाईला दाखवूया सासू काय चीज आहे.

मी वैजापूरकडची. आमचं घर मेंढरांमागं फिरणारं. वर्षातले आठ महिने संसार घोड्याच्या पाठीवर, त्यामुळं भांडी मोजकी. पण जिथं वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ पडेल, तिथं आई पहिल्यांदा भांडी घासायची. ओढ्याची वाळू आणि चुलीतली राख. जर्मनचं आमचं एकच पातेलं होतं, ते इतकं घासलेलं की त्याचा काठ कागदासारखा झाला होता. दुसऱ्या वाड्यावरची बाई आली की आधी भांड्यांकडं बघायची, मग आईकडं. बाईची किंमत भांड्याच्या चकाकीवर ठरायची. तिथं वाढलेली मी. पुढं शिकले, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण झाले, शहरात घर केलं, पण पिवळा पडलेला जर्मन दिसला की हात शिवशिवायचे ते शिवशिवायचेच.

आणि गंमत बघा, मी विज्ञान शिकवत होते. ‘लोखंड गंजते, ॲल्युमिनियम ____ नाही.’ रिकाम्या जागा भरा. कितीतरी पिढ्यांकडून मी ती जागा ‘गंजत’ अशी भरून घेतली आणि प्रत्येकाला पूर्ण गुण दिले. त्या पोरांची आज मी मनापासून माफी मागते. गंजतं रे बाळांनो, तेही गंजतं. फक्त लोखंडासारखा लाल बोभाटा करत नाही. पांढरी भुकटी धरतं आणि गुपचूप आतून पोखरलं जातं.

संध्याकाळी अश्विनी शिफ्टच्या बसमधून उतरून वर आली तेव्हा गच्चीवर एका बाजूला गोधड्या वाळत होत्या आणि दुसऱ्या बाजूला कठड्याला टेकवून फासळ्या उभ्या होत्या. आरशासारख्या. मावळतीचं ऊन त्यांच्यावर पडून शेजारच्या मंदाताईंच्या भिंतीवर कवडसे नाचत होते. मंदाताई विचारूनही गेल्या होत्या, “बाई, जाळ्या कुठून आणल्या हो? लई चकाकतात.”

“बघ,” मी म्हणाले. “बघ जरा!”

अश्विनीनं एक फासळी उचलली. उजेडाकडं धरली. उलटी केली.

“आत्या, ह्या पिवळ्या होत्या ना?”

“होत्या! काय घाण काम करून दिलं गं त्या माणसानं. तू भांडली पाहिजेस त्याच्याशी.”

ती तिथंच गोधडीवर बसली. ओल्याच. “तेच काम दिलं होतं,” म्हणाली.

“कोणतं?”

“पिवळं करायचं.”

मग तिनं मला विचारलं, कशानं घासलं. मी म्हणाले, चिंच. म्हणाले, थोडं मीठ. तिनं डोळे मिटले. राख, म्हणाले, आणि माझा आवाज आपोआप खाली यायला लागला. तारेची घासणी, हे मी जवळजवळ पुटपुटले. तिनं फासळी इतकी हळू खाली ठेवली, की आवाज झाला नाही. मग म्हणाली, “हात दाखवा.”

मला वाटलं, पुरावा बघतेय. मी हात पुढं केले. तिनं उलटेसुलटे करून पाहिले, नखांत बघितलं आणि मला मोरीत नेऊन कोपरापर्यंत साबणानं धुवायला लावले. एकदा नाही, तीनदा. ते पिवळं म्हणजे पत्रा गंजू नये म्हणून चढवलेला रसायनाचा थर, आणि तो विषारी असतो, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

रात्री आम्ही जेवायला बसलो. दिवाळीनंतर तपासणीचे साहेब येणार होते. शेपटीवर पत्रा मढवायच्या आधी आतला प्रत्येक तुकडा त्यांच्या डोळ्याखालून जायला हवा होता. तारीख हुकली, की पुन्हा कधी मिळेल याचा भरवसा नव्हता. मुलगा विजय पानावरून उठला, हात धुऊन आला आणि माझ्यासमोर उभा राहून म्हणाला, “आई, एक विचारू? राग मानू नकोस. मुद्दाम केलंस का?”

“काय?”

“बारशात बोलली होतीस. सगळ्यांनी ऐकलंय.”

मी तोंड उघडलं आणि माझ्या ध्यानात आलं, की ‘मला माहीत नव्हतं’ याखेरीज माझ्याकडं बोलायला काही नाही. आणि मुद्दाम करणारी बाईही नेमकं हेच म्हणेल. चाळीस वर्षं मी पोरांना ‘बाई, मला माहीत नव्हतं’ म्हटल्यावर कान पकडून उभं केलं होतं. मी ह्यांच्याकडं पाहिलं. ह्यांनी रात्रीसुद्धा पेपर वर धरला होता.

अश्विनी स्वयंपाकघरातून आली. मला वाटलं, आता हिची पाळी. ती म्हणाली, “आत्या, उद्या मला सुट्टी आहे. वाळूजला येता का माझ्याबरोबर?”

तिनं मला दोषी धरलंय की सोडलंय, ते त्या वाक्यावरून कळत नव्हतं. त्या दिवसापासून मला एकच गोष्ट हवी होती. फासळ्या तर नीट व्हायला हव्याच होत्या. पण त्याआधी ह्या पोरीला वाटू नये, की मी तिच्या विमानाचा जाणूनबुजून नास केला. विचारायची हिंमत मात्र नव्हती. म्हणून मी नुसती तिच्या मागं मागं फिरत राहिले, आणि अशी विमानाच्या रंगकामात शिरले.

वाळूजला रफिकभाईंचं मुलामा चढवायचं वर्कशॉप. दारातच नाकात झोंबणारा आंबट वास, आत ओळीनं हौद. रफिकभाई धिप्पाड, मेंदी लावलेली दाढी. अश्विनीनं पिशवीतून फासळ्या काढून टेबलावर ठेवल्या. त्यांनी एक उचलली आणि त्यात स्वतःची दाढी पाहिली.

“ये क्या हुआ मॅडम? मेरा रंग कां गया?”

“घासला,” अश्विनी म्हणाली.

“कौन घिसा?”

मी पदर सावरला. “मी.”

रफिकभाईंनी माझ्याकडं बघितलं, फासळीकडं बघितलं, पुन्हा माझ्याकडं बघितलं. “अम्मा,” म्हणाले, “ये काम हमारे यहां तेजाब से भी इतना साफ नै होता. नौकरी पे आते क्या?”

आदल्या संध्याकाळपासून पहिल्यांदा अश्विनीच्या ओठांचा कोपरा हलला. मला तेवढंच हवं होतं. मग रफिकभाईंनी चहा मागवला आणि उपाय सुचवला, की आता सगळ्यालाच एनोडाइज करून टाकू, सोनेरी. खिडक्यांच्या चौकटीवर असतो तसा कडक थर. “शादी के मंडप जैसा चमकेगा, अम्मा की कसम.” अश्विनी नको म्हणाली. तो थर कडक, म्हणूनच ठिसूळ. विमानाची शेपटी उडताना सतत थरथरते, लवते. थराला चीर गेली, की तीच चीर पत्र्यात उतरायची. रफिकभाई म्हणाले, “हौ, वो भी है,” आणि तरी जाता जाता पुन्हा एकदा, “सोनेरी अच्छा दिखता पन.”

परत येताना गाडीत मी विचारलं, मग आधी तरी नुसतं पिवळं का? पत्रा तसाच का नाही ठेवायचा? तेव्हा तिनं मला सांगितलं, की विमानाचा पत्रा मुळात कडक असतो, त्यात तांबं मिसळलेलं असतं म्हणून ताकद येते. पण त्या तांब्यामुळंच तो लवकर पोखरला जातो. म्हणून कारखान्यातच त्याच्या दोन्ही अंगांना शुद्ध ॲल्युमिनियमचा केसासारखा पातळ थर चढवतात. मऊ असतो तो थर. आतल्याला सांभाळतो. आणि त्याला सांभाळायला वरून ते पिवळं.

“म्हणजे आतून कडक आणि वरून मऊ,” मी म्हणाले. “आमच्या पिढीच्या सासवा उलट्या गं.”

ती पुढं रस्त्याकडं बघत म्हणाली, “हो. त्या मऊ थरावर तारेची घासणी फिरली.”

बरं, नुसती फिरून गेली असती तर एक वेळ. घासणीचे लोखंडी कण त्यात रुतून बसले होते. दोन धातू एकमेकांना चिकटले आणि ओल लागली, की ॲल्युमिनियमच खंगतं. मिठानं ते आणखी लवकर होतं. मी मिठाला ‘थोडं’ म्हणाले होते. खरं तर चांगलं मूठभर घेतलं होतं.

मग सुरू झाले ते दिवस. नवरात्र, दसरा, कोजागिरी, आमच्या घरात काय बनलं मला आठवत नाही, फराळ तर विकतचा आणला. आठवतो तो चितेगावच्या शेडमधला उकाडा, पत्र्यावर नायलॉनची मऊ घासणी गोल गोल फिरवल्याचा एकसुरी आवाज, थिनरचा वास आणि दाराबाहेर वाळत घातलेल्या मक्याचा गोडसर वास, दोन्ही एकदम. अश्विनीनं मला पुन्हा घासायलाच बसवलं. ह्या वेळी तिच्या पद्धतीनं. ज्यांच्यावर खोल ओरखडे होते त्या फासळ्या तिनं बाजूला काढल्या आणि साच्यावर नव्या ठोकायला घेतल्या. हातोडीचा प्रत्येक ठोका माझ्या डोक्यात पडायचा.

रोज रात्री जेवताना वाद, की आता वरून काय लावायचं. ह्यांचं मत, काहीच नको. “आपल्या इथं कुठं समुद्र हाय? मराठवाड्यात प्यायला पाणी मिळंना, विमानाला ओल कुठून लागायची?” विजय म्हणे, सगळ्यावर दाबून दोन हात प्रायमर मारा, काळजी मिटली. अश्विनी म्हणे, रंगाला वजन असतं.

रंगाला वजन असतं! आयुष्यभर भिंती रंगवल्या, दारं रंगवली, पोळ्याला बैलांची शिंगं रंगवली, हा विचार कधी मनाला शिवला नव्हता. तिनं एक टाकाऊ फासळी आधी माझ्या मसाल्याच्या काट्यावर ठेवून दाखवली, मग रंगवून, वाळवून पुन्हा ठेवली. आकडा खरंच सरकला. थोडासाच. पण विमानात अशा किती फासळ्या, किती पत्रे! ह्यांनी काट्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. “हिला बशिवणार असशील तर प्रायमर वाचिव बाई,” म्हणाले आणि पेपर वर केला. मी काटा उचलून नेला. पुढं बरेच दिवस ह्यांच्या पोळ्यांना तूप मिळालं नाही.

शेवटी ठरलं ते माझ्या एका प्रश्नावरून, असं मी तरी समजते. मी विचारलं, “हे विमान इथंच राहणार का गं?”

“सध्या इथं. पुढं कुठंही जाईल. कोकणात, गोव्यात. ते उडतं, आत्या.”

“मग माहेर बघून काय ठरवता? ते नांदणार कुठं ते बघा.”

मला वाटलं, आपण काहीतरी बरं बोललो. पोरीला सासरी धाडताना आपण तिच्या अंगावर काय काय चढवतो; ती जिथं वाढली तिथलं ऊन-वारा बघून चढवतो का? माझ्या आईनं मला जाताना एक घोंगडी दिली होती. शहरात घोंगडीचं काय करायचं म्हणून मी ती माळ्यावर टाकली. पहिलं बाळंतपण थंडीत आलं तेव्हा तीच अंगावर होती. अश्विनी बराच वेळ ताटात बोटानं रेघा ओढत बसली. मग म्हणाली, “जिथं पत्र्यावर पत्रा बसतो, आत ओल अडकते आणि पुन्हा कधी हात पोचत नाही, तिथं प्रायमर. बाकीला नुसतं पिवळं.” असं ते ठरलं. मात्र माझ्या घासणीखालून गेलेल्या फासळ्यांना पिवळंही आणि प्रायमरही. त्यांची कातडी गेली होती ना.

मीही एक उपाय सुचवून बघितला होता. आमच्याकडं मेंढरं कातरायच्या कात्र्या कधी गंजायच्या नाहीत, लोकरीचा तेलकटपणा लागून लागून. म्हटलं, ते का नाही लावत? अश्विनीनं शांतपणे ऐकून घेतलं. “कल्पना वाईट नाही, आत्या. फक्त त्यावर रंग धरत नाही, आणि शेपटीला मेंढीचा वास येईल.” विजय त्यानंतर आठवडाभर घरात शिरताना ‘बें’ करून शिरायचा.

त्या सगळ्या दिवसांतली एक दुपार माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. पुन्हा रफिकभाईंकडं पाठवायच्या आधी पत्रा पुरता स्वच्छ झाला का, हे बघायची एक साधी रीत आहे. त्यावर पाणी ओतायचं. पाणी सलग चादरीसारखं पसरलं, तर स्वच्छ. कुठं थेंब होऊन गोळा झालं, तर तिथं तेलकटपणा आहे. मी एका फासळीवर तांब्या ओतला. पाणी सरसर पसरलं, आणि एका जागी अडलं. तिथं पाच थेंब उभे राहिले. चार एका बाजूला, एक दुसऱ्या बाजूला. मी माझा हात त्यावर ठेवून बघितला. बरोबर बसला. दुपारी केसांना तेल लावून आले होते.

आयुष्यात मी कुठं कुठं असा हात ठेवला असेल! चांगल्या मनानं, मायेनं, तेल लावलेला. तिथं तिथं मागून कुणाचा तरी रंग धरला नसेल. पोरांच्या वह्यांवर, विजयच्या लग्नाच्या ठरवाठरवीत, अश्विनीच्या पहिल्या वर्षात. पाणी ओतून बघायची सोय नव्हती म्हणून कळलं नाही, इतकंच. मी ते पाच थेंब अश्विनीला दाखवले. ती हसली आणि मला रबरी हातमोजे दिले. पिवळे.

प्रायमर दोन रंगांत मिळत होता, करडा आणि पोपटी. अश्विनी म्हणाली, “तुम्ही सांगा.” मी पोपटी म्हटलं. ती म्हणाली, आत कुणाला दिसणार नाही. मी म्हटलं, साहेबांना तर दिसंल. आणि ठोकून बंद केल्यावरही आत पोपटीच राहील की, आपण बघितलं नाही म्हणून काय करडा होणार आहे?

दिवाळीनंतर साहेब आले. बारीक अंगाचे, कमी बोलणारे. विजेरी घेऊन शेपटीच्या पोटात डोकं घालून कितीतरी वेळ बघत होते. आम्ही सगळे शेडच्या दारात उभे. मी पदराचं टोक पिळत होते. त्यांनी एका फासळीवर बोट फिरवलं, विजेरी तिरपी धरली, पुन्हा बोट फिरवलं. डोकं बाहेर काढून म्हणाले, “साफसफाई उत्तम आहे. कुणी केली?”

“सासूबाईंनी,” अश्विनी म्हणाली. “दोनदा.”

साहेबांना त्यातलं काही कळलं नाही. त्यांनी सही केली.

याला आता सहा-सात वर्षं झाली. विमान अजून उडालेलं नाही. घरी केलेल्या विमानाला वेळ लागतो. नोकरी, पोर, पाहुणे, आजारपणं, परवानग्या यांच्यामधून ते वाढतं. पंख लागलेत, चाकं लागलीत, इंजिन आलंय. इरा आता उंच झाली, आईच्या हाताखाली पत्रे जोडायच्या बारक्या खिळ्या, रिव्हेट, धरते. शेडमध्ये गेले की मी शेपटीवरून हात फिरवते. आता हरकत नसते, वरून रंग आहे. भीती गेली का? नाही गेली. पण आता ती ‘भीती’ म्हणूनच तोंडातून बाहेर पडते, टोमणा होऊन नाही. मागच्या महिन्यात मी सरळ म्हणाले, “अश्विनी, मला लई भ्या वाटतंय गं.” ती म्हणाली, “मलापण, आत्या.” आणि आम्ही दोघी भाजी निवडत बसलो.

काल दसरा काढला. गच्चीवर गोधड्या, डबे, पाट. इरा खाली शाळेचं काही करत होती, ‘हे’ सावलीत पेपर घेऊन. अश्विनी आणि मी जर्मनचं मोठं पातेलं दोन्ही बाजूंनी धरून नळाखाली फिरवत होतो. कुठून कुणास ठाऊक, तोंडून निघून गेलं. म्हटलं, “एक विचारू? खरं सांगायचं. तेव्हा तुला वाटलं होतं का, मी मुद्दाम केलं म्हणून?”

तिनं नळ बंद केला. ओल्या हातानं कपाळावरचे केस मागं सारले.

“पहिल्या रात्री वाटलं होतं,” म्हणाली. “मग दुसऱ्या दिवशी भिंग घेऊन बघायला बसले, तर रिव्हेटच्या भोकाभोकांत कापसाचे धागे. आत्या, ज्याला विमान भंगारात घालायचं असतं ते माणूस एवढ्याशा भोकांत निरांजनाच्या वाती फिरवत बसत नसतं.”